अर्धसँडविच की तिवई?

कोपरखैरण्याच्या एका संशोधक ताईंचा प्रश्न : ‘शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहितेय. शीर्षकात “हाफ-सँडविच रुथेनियम अरीन संकुलाची स्फटिकरचना” आलं आणि घरी सगळे हसले. हाफ-सँडविचला बरा मराठी शब्द आहे का? संकुल म्हणजे मधे धातू आणि त्याला जोडलेले इतर गट. माझ्यात रुथेनियम या धातूवर पॅरा-सायमीनचं (हे अरीन, म्हणजे बेंझिनसारखं) वलय, शिवाय दोन क्लोराइड आणि एक फॉस्फीन (फॉस्फरस असलेला गट) आहे.’

ताई, सँडविच राहू द्या. ती रसायनशास्त्रज्ञांचीच उपमा आहे. १९५१मध्ये फेरोसिन या लोहयुक्त संयुगाची माहिती छापून आली आणि पुढच्याच वर्षी कळलं, की त्यात लोखंडाचा अणू दोन सपाट पंचकोनी वलयांच्या मधोमध बसलाय. या कुळातल्या संयुगांवरच्या कामासाठी फिशर आणि विल्किन्सन यांना १९७३चं नोबेल मिळालं.

घोळ आहे तो ‘हाफ’चा. ठाण्यात गोखले रोडवर अर्धं सँडविच मागितलं तर सुरीने मधोमध कापलेलं हातात पडेल, पण पाव वर-खाली दोन्ही असतील. तुमच्या रेणूत एक पावच, म्हणजे दुसरं वलयच नाही. ‘एकवलयी’ हा शब्द बिनचूक, पण धातू एका बाजूने झाकलाय आणि दुसरीकडून उघडा आहे, हे त्यातून दिसत नाही. म्हणून ‘अर्धसँडविच’ असा जोडशब्दच वापरा. तोडून लिहिलं की खाऊगल्ली आलीच!

याच आकाराला इंग्रजीत पियानोचं स्टूल म्हणतात. आपल्याकडे पियानो किती घरांत? उलट ‘तिवई’ हा शब्द जणू यासाठीच घडलाय. पॅरा-सायमीनचं षट्कोनी वलय ही बैठक. दोन क्लोराइड आणि फॉस्फीन हे तीन पाय. (पॅरा-सायमीन ओव्याच्या तेलातही असतं, हे घरच्यांना जरूर सांगा.) क्ष-किरणांनी मोजलं की अशा तिवईच्या पायांमधले कोन ९० अंशांच्या आसपास येतात, रुथेनियम-क्लोरीन अंतर साधारण २.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि वलयातले कार्बन धातूपासून २.२च्या आगेमागे. वलय एकटंच तीन जागा अडवतं, तीन पायांच्या तीन, म्हणून ही रचना अष्टफलकीत (धातूभोवती सहा जागांच्या रचनेत) मोडते. आणि पाय चार असले तर? मॉलिब्डेनमच्या काही संयुगांत वलयाखाली तीन कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) आणि एक क्लोराइड असतात. त्यांना बेलाशक ‘चौरंग’ म्हणा.

‘संकुल’ वाचून घोडबंदर रोडवरच्या इमारती आठवतात खऱ्या, पण मागे रुथेनियम असल्यावर कुणी फ्लॅटची चौकशी करणार नाही. ‘जटिल संयुग’ही चालेल, फक्त सगळीकडे एकच ठेवा.

एक मात्र पाळा. तिवई हा एका रेणूचा आकार. असे असंख्य रेणू एकमेकांशेजारी कसे रचलेत ती स्फटिकरचना. तेव्हा शीर्षकात ‘रुथेनियमच्या अर्धसँडविच अरीन संकुलाची स्फटिकरचना’ लिहा, आणि तिवई आतल्या पहिल्या वाक्यात येऊ द्या : ‘या संकुलाचा रेणू तीन पायांच्या तिवईसारखा आहे.’