इन्फर्मेशन स्कीमा वापरल्यास एका विक्रेत्याचा डेटाबेस सोडून दुसऱ्याचा घेणे खरोखर सोपे होते का?

काही अंशीच. इन्फर्मेशन स्कीमा १९९२ च्या एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) मानकात आली. टेबले, कॉलम आणि कन्स्ट्रेंट (डेटावरील नियम) यांची माहिती ठरावीक नावांच्या व्ह्यूंमधून (क्वेरीवर आधारलेल्या आभासी टेबलांमधून) मिळावी, हा तिचा हेतू. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांत ती आहे. ओरॅकलमध्ये मात्र नाही, तिथे ऑल_टेबल्ससारखे स्वतंत्र व्ह्यू वापरावे लागतात, आणि एसक्यूलाइटमध्ये एसक्यूलाइट_मास्टर हे टेबल पाहावे लागते.

जिथे व्ह्यू आहेत तिथेही अर्थ जुळतोच असे नाही. टेबल_स्कीमा या कॉलमात पोस्टग्रेस डेटाबेसच्या आतील स्कीमाचे (टेबलांच्या गटाचे) नाव देते, तर मायएसक्यूएल डेटाबेसचेच नाव देते, आणि त्याच्या टेबल_कॅटलॉगमध्ये सरसकट 'डेफ' असे उत्तर येते. इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) तर मानकातच नाहीत, त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये त्यांच्यासाठी पीजी_इंडेक्सेसकडे वळावेच लागते.

तरीही मेटाडेटा (डेटाबेसच्या रचनेची ही माहिती) वाचणाऱ्या क्वेरी एकाच मॉड्यूलमध्ये ठेवल्यास बदल आटोक्यात राहतात. मात्र, माझ्या मते, एका विक्रेत्याशी खरे बांधून टाकतात ते मेटाडेटाचे व्ह्यू नव्हेत, तर स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्राम. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेत लिहिलेली हजारो ओळींची प्रोसीजर दुसऱ्या डेटाबेसवर नेताना बहुधा नव्यानेच लिहावी लागते.