वाचक विचारतात : दाब बोटाचा की पेनाचा?

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत की बोटाचा दाब ओळखणारी स्क्रीन बाजारातून गेली, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. मला हे पटत नाही. आयफोन ६एसवर कीबोर्डवर कुठेही जोर देऊन दाबलं की कर्सर हवा तिथे नेता यायचा, आणखी दाबलं की शब्द निवडला जायचा. पानंच्या पानं तपासणाऱ्याला याची किंमत कळते. टॅबवर हे आलं असतं तर टॅब खऱ्या कामाचा झाला असता.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दाबाचा खरा फायदा जिथे होता, नेमकं तेच उदाहरण तुम्ही दिलंत. पण तिथे तो का होता? बोट खाली कीबोर्डवर होतं आणि कर्सर वर मजकुरात. ज्या वस्तूवर काम चाललंय ती बोटाखाली झाकली जात नव्हती. बाकी सगळीकडे ती झाकली जाते. शिवाय काचेवर जोर वाढवला की घर्षणही वाढतं, त्यामुळे दाबून ठेवून सरकवायला गेलं की बोट अडखळत सरकतं. मॅकबुकच्या ट्रॅकपॅडमध्ये २०१५ पासून दाब मोजला जातो आणि तो तिथे आजही टिकून आहे, त्याचं कारण हेच : बोट एकीकडे, बाण दुसरीकडे.

फोन-टॅबची नेहमीची स्क्रीन दाब मोजतच नाही. बोट जवळ आल्यावर काचेखालच्या जाळीतली विद्युत धारकता बदलते, तेवढंच तिला कळतं. आयफोन ६एसमध्ये म्हणून वेगळा थर घालावा लागला. काच दाबल्यावर ती मागच्या प्रकाशपट्टीच्या किती जवळ आली, ते अंतर हा थर मोजायचा. फोनच्या छोट्या काचेत हे जमलं. दहा-अकरा इंची काच मध्यभागी जास्त लवते, कडेला कमी, म्हणजे तोच जोर दोन ठिकाणी दोन आकडे देणार. आयपॅडमध्ये ही सोय कधी आलीच नाही.

तरीही ती गेली ती मुख्यतः यंत्रामुळे नव्हे असं आमचं मत आहे. कुठलं बटण जोरात दाबता येतं याची स्क्रीनवर काही खूण नव्हती. आणि सगळ्या फोनांत ही सोय नसल्याने अ‍ॅप बनवणारे एखादं महत्त्वाचं काम फक्त दाबावर सोडू शकत नव्हते. जे दाबून होई ते दुसऱ्या वाटेनेही करून द्यावंच लागे. मग दाबणार कोण? २०१८ च्या आयफोन एक्सआरमध्ये हा थर नव्हता, २०१९ च्या आयफोन ११ मालिकेत कुठल्याच फोनमध्ये राहिला नाही.

तुमच्या कामासाठी : आयफोनवर स्पेसबार दाबून धरा, कर्सर सुटा होतो. आयपॅडवर कीबोर्डवर दोन बोटं ठेवून सरकवा. अँड्रॉइडच्या जीबोर्डमध्ये स्पेसबारवरून बोट आडवं फिरवा. रोज पानंच्या पानं तपासायची असतील तर मात्र ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. शिफ्ट आणि बाणाच्या कळांइतकी नेमकी निवड कुठल्याच काचेवर होत नाही.

जाता जाता : अँड्रॉइड टॅबवर काही चित्रांची अ‍ॅप बोटाच्या दाबानेही रेघ जाड करून दाखवतात. तो बहुतेक वेळा दाब नसतोच, बोट किती पसरलंय यावरून केलेला अंदाज असतो. पडताळा सोपा आहे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि पॉइंटर लोकेशन चालू करा. वरच्या पट्टीत दाब आणि आकार असे आकडे येतील. आता बोटाचं टोक जोरात दाबा, मग बोट आडवं पण अलगद ठेवा. अलगद ठेवूनही दाबाचा आकडा वाढला, तर काय ते समजा.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. एका टॅबच्या पेनाला ४०९६ दाबपातळ्या आहेत, दुसऱ्याला ८१९२. दुसरा महाग आहे. घ्यावा का? अक्षरलेखनही करायचं आहे.
– राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका. समजा पेन ४०० ग्रॅमपर्यंतचा जोर मोजतं. ४०९६ पातळ्या म्हणजे दर पातळीला साधारण ०.१ ग्रॅम, ८१९२ म्हणजे ०.०५. इतका बारीक फरक हाताला ठरवून करता येत नाही. हातात फरक जाणवतो तो वेगळ्याच गोष्टींचा, आणि त्या डब्यावर छापलेल्या नसतात. पेन किती हलक्या स्पर्शाला उमटायला लागतं, ही त्यातली एक. चांगलं पेन एक-दोन ग्रॅमला उमटतं. सुरुवातीलाच जास्त जोर लागला तर पेन्सिलीसारखी फिकट छाया येणारच नाही, पातळ्या कितीही असोत.

सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला टॅब बघायला जाल तेव्हा चार गोष्टी करून पाहा. पट्टी काचेवर तिरकी धरून अगदी सावकाश रेघ ओढा. ती लाटेसारखी आली तर त्या पेनाची जागा ओळखण्याची पद्धत कच्ची आहे. काही पेनांत हा दोष हमखास दिसतो आणि वेगाने ओढलेल्या रेघेत लपतो, म्हणून सावकाश. मग पेन फक्त स्वतःच्या वजनावर फिरवून पाहा, उमटतं का. मग गवताच्या पात्यासारखे फटकारे मारा. शेपूट निमुळतं येतं की तुटकं, ते बघा. आणि कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर रेघ ओढा, तिथे बरीच पेनं भरकटतात. दुकानदाराने चार्जर लावून ठेवला असेल तर आधी तो काढायला सांगा (का ते खाली शिकवण्यांच्या प्रश्नात आहे).

दाब मोजला जातो तो पेनाच्या टोकामागे, स्क्रीनमध्ये नाही. त्यामुळे पेन बदललं की सगळं बदलतं. आयपॅडसाठी मिळणारी स्वस्त पेनं बहुतेक तिरकेपणा ओळखतात, दाब नाही. इतकंच काय, अ‍ॅपलचीच २०२३ ची यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखत नाही, आणि दुकानात ती ‘अ‍ॅपल पेन्सिल’ म्हणूनच हातात येते. चित्रकाराने ती घेऊ नये. सॅमसंगचं एस पेन वॅकॉम कंपनीच्या विद्युतचुंबकीय पद्धतीवर चालतं. दाबासाठी त्याला बॅटरी लागत नाही, पण ते आयपॅडवर चालत नाही. रबरी बोंडाचं पेन म्हणजे नुसतं लांब बोट.

पेन घेतल्यावर पहिल्याच दिवशी दाबाची वक्ररेषा, म्हणजे किती जोराला किती रेघ उमटावी हे ठरवणारी रेषा, बसवून घ्या. चित्रांच्या अ‍ॅपपैकी क्रितामध्ये ती टॅबलेट सेटिंगमध्ये आहे, प्रोक्रिएटमध्ये प्रेफरन्सेसमधल्या प्रेशर अँड स्मूदिंगमध्ये. हात जड असेल तर रेषा खाली झुकवा, हलका असेल तर वर उचला. ही दोन मिनिटांची गोष्ट न केल्याने पुष्कळ जण पेनालाच नावं ठेवतात.

आता अक्षरलेखन. देवनागरीत जाड-बारीक येतं ते बोरूच्या कापाने आणि कोनाने, दाबाने नाही. दाबाने जाड होणाऱ्या ब्रशने लिहिलं की अक्षर फुगतं आणि शिरोरेषा मध्येच सुजते. म्हणून चपटा ब्रश निवडा, त्याचा दाबाने बदलणारा आकार पूर्ण बंद करा आणि कोन पक्का करा. सुरुवात ४५ अंशांपासून करा. तेव्हा काना आणि शिरोरेषा सारख्याच जाड येतात, नंतर हवा तसा बदल करा. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या तयार ब्रशांचा तिरकेपणा देवनागरीला उलटा पडतो, तेव्हा कोन दुसऱ्या बाजूला वळवून घ्या. लिहिताना बोरूसारखं पेन फिरवून कोन बदलायचा असेल तर पेन स्वतःभोवती किती फिरलं ते ओळखणारं हवं. २०२४ च्या अ‍ॅपल पेन्सिल प्रोमध्ये ही सोय आहे, पण ती मोजक्याच आयपॅडवर चालते. अक्षरलेखनासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर या सोयीवर करा, ८१९२ वर नको.

प्रश्न : आमच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात लॅपटॉपऐवजी टॅब आणि कीबोर्ड घ्यावेत का? एक्सेल, टॅली आणि श्रीलिपीतली जुनी मराठी पत्रं एवढंच काम आहे.
– तिलक नगर, इंदूर

उत्तर : नाही. एक्सेल टॅबवर उघडतं, पण त्यातले मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या आज्ञा, चालत नाहीत. टॅलीला विंडोज हवं. टॅबवरून दूर बसलेला संगणक चालवता येतो, पण मग संगणक ठेवावाच लागला. कंपनीचं जीएसटी विवरण डिजिटल सहीने भरावं लागतं, आणि त्या सहीच्या यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअर संगणकासाठी असतं. मालकी व्यवसायाचं विवरण ओटीपीवर भरता येतं, तेवढं टॅबवर होईल.

जुनी पत्रं टॅबवर उघडलीत तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. आधी संगणकावरच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार, ऱ्य, पहिली वेलांटी आणि श्र, क्ष, ज्ञ एवढं डोळ्यांनी तपासा. चुका बहुतेक तिथेच सापडतात. नावं आणि रकमा असलेलं पत्र तर मूळ प्रतीशी ताडूनच पुढे पाठवा.

एक टॅब मात्र जरूर घ्या, पेनासह. पीडीएफवर खुणा करायला आणि अशिलासमोर ताळेबंद ठेवून आकड्यांभोवती गोल करायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. तिथे दाबपातळीचा काही संबंध नाही. तळहात टेकला तरी रेघ उमटू नये, एवढं पाहा.

प्रश्न : मी घरून गणिताच्या शिकवण्या घेते. टॅब चार्जिंगला असला की पेन आणि बोट दोन्ही उड्या मारतात, कधी आपोआप पान बदलतं. टॅब खराब झाला का?
– लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बहुधा चार्जर खराब आहे. स्वस्त चार्जरमधून विजेचा गोंगाट टॅबपर्यंत येतो आणि धारकतेवर चालणारी स्क्रीन त्यालाच स्पर्श समजते. चार्जर काढल्यावर उड्या थांबल्या तर टॅब ठीक आहे. मग टॅबसोबत आलेला मूळ चार्जर आणि दुसरी केबल लावून पाहा. चार्जर तीन पिनांचा असेल तर भिंतीतल्या सॉकेटच्या मोठ्या भोकात अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, हे वीजतंत्र्याकडून तपासून घ्या. कित्येक जुन्या घरांत ते भोक नुसतं शोभेचं असतं. तोवर तासापूर्वी चार्ज करा आणि तास बॅटरीवर घ्या. चार्जर काढूनही उड्या सुरूच राहिल्या तर काच पुसा, वरचं कवच काढून बघा, आणि त्यानंतरच दुरुस्तीला न्या.

मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत शिकवत असाल तर आणखी एक. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं अ‍ॅपलच सांगतं, आणि आपल्याकडे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. टॅब तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. जाड कव्हर काढून ठेवा.

लॅपटॉप घरात असेलच तर नवा टॅब घेण्याऐवजी बिनस्क्रीनची पेन-पाटी घ्या. साधारण सहा बाय चार इंचांची छोटी पाटी समीकरणांना पुरते. हात खाली आणि नजर वर, याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

प्रश्न : काचेवर टेम्पर्ड ग्लास लावला तर पेनाचा दाब कमी लागतो का?
– विजयनगर, इंदूर

उत्तर : दाबात फरक पडत नाही. जाड काचेमुळे टोक आणि रेघ यांच्यातलं अंतर तेवढं वाढतं, बारीक लिहिताना ते जाणवतं. कागदासारखी खरखरीत फिल्म हाताला छान लागते, पण पेनाचं टोक झपाट्याने झिजवते. टोक एका बाजूने चपटं झालं, किंवा आतलं काही चमकायला लागलं, की लगेच बदला, नाहीतर काचेवर ओरखडे पडतील. एस पेन वापरत असाल तर चुंबकी कव्हर मागे दुमडून लिहू नका. चुंबकाजवळ रेघ वाकडी येते, आणि लोक टॅब घेऊन दुकानात जातात.