स्टेंट बसवला, तरी छातीत दडपण का येते?

प्रश्न : माझ्या यजमानांना चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिला जिना चढला की त्यांच्या छातीवर दडपण येते, ते कठडा धरून उभे राहतात आणि दोन-तीन मिनिटांत बरे वाटते. कधी नुसते बसले असतानाही श्वास पुरत नाही म्हणतात, तर कधी छातीत डावीकडे एका जागी सुई टोचल्यासारखे होते. मुलगा म्हणतो, बाबांनी धसका घेतला आहे. अंगावर काळे-निळे डाग उठतात म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद कराव्यात, असे यजमानांच्या मनात आहे. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, गोळ्यांचे आधी सांगतो. त्या त्यांनी आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. झटक्यानंतर स्टेंट बसवला की अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी दुसरी गोळी साधारणपणे वर्षभर देतात, कारण स्टेंटच्या जाळीत रक्ताची गुठळी झाली तर रक्तवाहिनी अचानक बंद पडून पुन्हा झटका येऊ शकतो. किरकोळ मार लागून उठणारे डाग या गोळ्यांमुळे अपेक्षितच असतात. मात्र शौचाला डांबरासारखे काळे होणे किंवा लघवीतून रक्त जाणे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आपण लिहिलेल्या तीन तक्रारी एकच समजू नयेत. चढताना येणारे आणि थांबल्यावर ओसरणारे दडपण हे अंजायनाचे, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या त्रासाचे, अगदी ठरावीक वर्णन आहे, आणि ते धसक्यावर ढकलणे मला मुळीच मान्य नाही. स्टेंट एका जागचा अडथळा दूर करतो. रक्तवाहिन्यांचा मूळ आजार त्याने जात नाही. झटक्याच्या वेळी बहुधा त्यास कारणीभूत असलेली रक्तवाहिनीच आधी मोकळी करतात, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या वाहिनीत अडथळा उरला होता का, हे डिस्चार्ज कार्डावर आणि अँजिओग्राफीच्या अहवालात पाहावे. काही जणांच्या स्टेंटमध्येच काही महिन्यांत पुन्हा अरुंदपणा येतो. शिवाय अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्याच नीट दिसतात. हृदयाच्या स्नायूतील केसासारख्या बारीक वाहिन्यांचा दोष तिच्यात दिसत नाही, आणि ‘रिपोर्ट चांगला आहे’ असे ऐकून आलेल्या रुग्णाला त्रास मात्र होतच राहतो. त्यावरही औषधे आहेत.

बसल्या जागी श्वास न पुरण्याचे कारण टिकाग्रेलॉरही असू शकते, कारण या गोळीचा तो परिचित दुष्परिणाम आहे. ती चालू असेल, तर गोळी बदलता येईल का, हे डॉक्टर ठरवतील. परंतु आडवे झाल्यावर धाप लागत असेल किंवा पायांवर सूज येत असेल, तर हृदयाची ताकद पाहण्यासाठी टूडी एको लवकर करून घ्यावा. एका बोटाने दाखवता येणारी टोचणी बहुधा स्नायूंची किंवा बरगड्यांच्या सांध्यांची असते; तीही डॉक्टरांना सांगावी, एवढेच.

पुढची तपासणीची तारीख लांब असली, तरी याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. दडपण काय करताना येते, किती वेळ टिकते, हाताकडे किंवा जबड्याकडे जाते का, हे कागदावर लिहून न्या आणि गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा. झटक्यानंतर पुष्कळांना भीती आणि उदासी घेरते, तेही तिथे मोकळेपणाने बोलावे. मुलालाही सोबत नेलेत तर बरे.

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल, तर दडपण येताच खाली बसून एक गोळी जिभेखाली धरावी. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. लैंगिक ताठरतेसाठीचे सिल्डेनाफिलसारखे औषध ते घेत असतील, तर मात्र ही गोळी चालत नाही, तेव्हा तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. पाच मिनिटांत आराम पडला नाही, दडपण विश्रांतीतही येऊ लागले किंवा दरदरून घाम फुटला, तर तपासणीची वाट न पाहता 108 ला फोन करावा आणि त्यांना जिना उतरायला लावू नये.