चिनी देवळाला ‘पॅगोडा’ म्हणावं का?

चीनच्या सहलीवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘आमचा गाईड एका जागेला सी म्हणे, दुसरीला म्याओ, तिसरीला ग्वान, चौथीला गोंग. मी सगळीकडे पॅगोडा लिहिलं. आता एक मित्र म्हणतो, हे चूक आहे. मग काय लिहू? मंदिर, देऊळ, विहार की मठ?’

थेट उत्तर आधी देतो. आज पॅगोडा म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो मजल्यावर मजले चढवलेला, दर मजल्याला छज्जा असलेला मनोरा. तो मनोरा म्हणजे सगळं देऊळ नव्हे. पुष्कळ चिनी देवळांत असा मनोरा नसतोच. तेव्हा सरसकट पॅगोडा लिहू नये, हे तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर. मात्र या शब्दाचा इतिहास पाहिला तर तो तुमच्या बाजूने साक्ष देतो, आणि ती साक्ष आपल्याच किनाऱ्यावरची आहे.

पॅगोडा हा शब्द चिनी नाही. युरोपात तो नेला पोर्तुगीजांनी, आणि त्यांच्या तोंडी तो रुळला हिंदुस्थानात. त्यांचा शब्द ‘पागोद’. सोळाव्या शतकातल्या गोव्याच्या पोर्तुगीज कागदपत्रांत पागोद म्हणजे हिंदूंचं देऊळ, कधी देवळातली मूर्तीसुद्धा. गोव्यात राहिलेला वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या ग्रंथात घारापुरीच्या आणि साष्टीच्या लेण्यांनाही पागोदच म्हटलं आहे. दक्षिणेतल्या सोन्याच्या होनाला युरोपीय व्यापारी पॅगोडा म्हणत, तोही हाच शब्द. त्याचं मूळ कोणी ‘भगवती’त शोधतं, कोणी फारसी ‘बुतकदा’त, कोणी सिंहली ‘दागब’मध्ये. विद्वानांत एकमत नाही. मला भगवतीचा पक्ष अधिक पटतो, कारण देवळाला आणि मूर्तीला एकच शब्द का वापरला गेला हे त्यातून सहज उलगडतं.

पुढे १५५७च्या सुमारास पोर्तुगीज मकावला वस्ती करून राहिले. मकाव गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होतं. तिथे किनाऱ्यावर आ-मा या समुद्रदेवतेचं ठाणं होतं. फूच्येन प्रांतातल्या मेइचौ बेटाची ही देवी, चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे कोळी आणि खलाशी तिला मात्सू म्हणतात. मकाव हे नावही तिच्यावरूनच पडलं असं मानतात. पोर्तुगीजांनी या देवळाला नाव दिलं ‘पागोद दा बार्रा’. गोव्यातल्या देवळाला जो शब्द, तोच मकावच्या देवळाला. या पागोदला मनोरा नाही! म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी कोणी सगळ्या चिनी देवळांना पॅगोडा म्हटलं असतं तर त्याला कोणी हटकलं नसतं. मनोऱ्यापुरता अर्थ नंतर आक्रसत गेला. मराठीत आणखी एक घोळ आहे. मुंबईकरांना पॅगोडा म्हटलं की गोराईचा विपश्यना पॅगोडा आठवतो, आणि तो रंगूनच्या श्वेडगोनच्या धर्तीवरचा, घंटेच्या आकाराचा. चिनी मनोऱ्याशी त्याचा घाट जुळत नाही.

त्या मनोऱ्याला चिनी भाषेत म्हणतात ‘था’. हा शब्द आपल्याकडून गेला. स्तूप, प्राकृतात थूप, त्याचं प्राचीन चिनी उच्चारात ‘थाप’सारखं काहीतरी झालं आणि शेवटचा प गळून आजचा था उरला. भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहांत जो अर्धगोल स्तूप आहे, त्याचा हा चिनी वंशज. चिनी कारागिरांनी त्याला आपल्या टेहळणीच्या मनोऱ्यांचा घाट दिला. हनान प्रांतातला सोंगयुए विहाराचा था विटांचा, बारा बाजूंचा, इसवी सन ५२३च्या सुमाराचा. शान्शीतल्या यिंगश्येनचा १०५६ सालचा था तर संपूर्ण लाकडी आणि ६७ मीटर उंच. मजले बहुधा विषम असतात, कारण विषम आकडे ‘यांग’ बाजूचे, तेजाचे मानतात. स्तूपासाठी ‘फूथू’ असा आणखी एक जुना शब्द आहे, तो बुद्ध या नावावरून आलेला. तो एका म्हणीत अजून जिवंत आहे: एक जीव वाचवणं हे सात मजली फूथू बांधण्याहून थोर. आणि था इतका घरचा झाला की आज पाण्याच्या टाकीचा मनोरा, दीपगृह, विजेच्या तारांचा खांब, पॅरिसचा आयफेल टॉवर हे सगळे था.

शीआनचा ‘तायेन था’, म्हणजे मोठ्या रानहंसाचा मनोरा, तुम्ही पाहिलाच असेल. ६५२ साली तो बांधला गेला तो ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी. हा तोच यात्री, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला. पण हा था उभा आहे तो ‘ता त्सअन सी’ नावाच्या विहाराच्या आवारात. तुमच्या प्रश्नाची उकल या एका आवारात होते: आवार म्हणजे सी, त्यातला मनोरा म्हणजे था. त्या मनोऱ्याला पॅगोडा म्हणा, खुशाल म्हणा. आवाराला मात्र विहार.

आता ‘सी’. (यातला स्वर आपल्या ईसारखा नाही. ‘स्’ म्हणून जीभ तशीच ठेवून आवाज काढला की जो निघतो तो.) मुळात सी म्हणजे सरकारी कचेरी. हान राजवटीत परदेशी पाहुण्यांची व्यवस्था पाहणारं खातं होतं, त्याच्या कचेरीला परंपरेत ‘होंगलू सी’ म्हणतात. परंपरा सांगते की हान सम्राट मिंगने स्वप्नात सोनेरी पुरुष पाहिला, त्याचा शोध घ्यायला माणसं पश्चिमेला पाठवली, आणि काश्यप मातंग व धर्मरत्न हे दोन भिक्षू पांढऱ्या घोड्यावर पोथ्या लादून लोयांगला आले. त्यांना प्रथम या कचेरीत उतरवलं, आणि ६८ साली त्यांच्यासाठी जी वास्तू उभी राहिली तिलाही सी म्हणू लागले. तीच ‘पायमा सी’, पांढऱ्या घोड्याचा विहार. सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर भारताने तिथे बांधलेल्या मंदिराचं उद्घाटन २०१० साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. जळगावच्या मातीतल्या बाईंच्या हातून लोयांगच्या सीमध्ये स्तूप उघडला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण सी म्हणजे फक्त बौद्ध विहार असं समजू नका. चिनी भाषेत मशिदीला ‘छिंगचन सी’ म्हणतात, निर्मळ आणि सत्य यांची सी. थांग काळात सीरियाई परंपरेच्या ख्रिस्ती भिक्षूंच्या मठाला ‘ताछिन सी’ म्हणत. ताछिन म्हणजे रोमकडचा मुलूख. त्यांचा ७८१ सालचा शिलालेख शीआनच्या संग्रहालयात आहे. यात मला एक संगती दिसते. बाहेरून आलेल्या धर्माला चीनने पाहुण्यांच्या कचेरीचा शब्द दिला, मग तो धर्म भारतातला असो, अरबस्तानातला असो की सीरियातला. घरचे देव आणि घरचे पूर्वज यांच्या वास्तूंना शब्द वेगळे राहिले. म्हणून बौद्ध सीला विहार लिहावं, मुसलमानांच्या सीला मशीद. नुसतं मंदिर लिहिलं तर हा भेद पुसला जातो.

ग्वान हा शब्द ताओ पंथाचा. मूळ अर्थ पाहणं, निरखणं, आणि त्यावरून निरखण्याचा चौथरा किंवा बुरूज. यिन शी नावाचा खिंडीवरचा अधिकारी अशा चौथऱ्यावरून आकाश निरखत असताना त्याला ताओ पंथाचा आद्य पुरुष लाओत्सू याच्या येण्याची चाहूल लागली, अशी कथा सांगतात. बीजिंगचं ‘पायय्युन ग्वान’, पांढऱ्या मेघाचं ग्वान, हे च्छ्वानचन शाखेचं मोठं केंद्र, तिथे ब्रह्मचारी साधू राहतात. मराठीत ताओ मठ लिहिलं की पुरे. ग्वानयिन या करुणामय देवतेच्या नावातलं अक्षरही हेच, फक्त तिथे सूर वेगळा. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर, लोकांचा टाहो ऐकणारी.

आता म्याओ, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण चिनी लोकांचा रोजचा धर्म इथे नांदतो. म्याओ म्हणजे आधी पूर्वजांचं स्थान. राजाच्या पूर्वजांचं ते ‘थाय म्याओ’, बीजिंगच्या राजवाड्याला लागूनच आहे. तिथल्या पूजेसाठी बादशहाला मेल्यावर जे नाव मिळे ते त्याचं म्याओ-नाव. ह्युएनत्संगाचं स्वागत करणारा थायत्सोंग आपण इतिहासात वाचतो, ते असंच मरणोत्तर नाव. कन्फ्यूशियस वारल्यानंतर दुसऱ्या वर्षी, इसवी सनापूर्वी ४७८ मध्ये, छूफूतल्या त्याच्या तीन खोल्यांच्या घराचंच म्याओ झालं, असं सांगतात. पुढे गावोगावी त्याचे म्याओ उभे राहिले. १५३० साली मिंग राजवटीच्या बादशहाने त्यांतल्या मूर्ती काढून नाव कोरलेल्या लाकडी पाट्या बसवायला लावल्या. त्यामुळे कन्फ्यूशियसच्या बऱ्याच म्याओंत मूर्ती नसते, तिथे पाटीकडे पाहा. परंपरा पाळणाऱ्या घरांत पूर्वजांचीही अशीच पाटी असते.

पूर्वजांवरून हा शब्द देवांकडे गेला. शहराच्या तटाचा आणि खंदकाचा देव छंगह्वांग, त्याचा म्याओ. हा देव म्हणजे परलोकातला शहराचा अंमलदार; मिंग राजवटीच्या पहिल्या बादशहाने १३६९ साली या देवांना शहराच्या आकाराप्रमाणे दर्जेही वाटून दिले होते. खेड्यात थूती, म्हणजे भूमीचा देव. त्याचं ठाणं कधी गुडघ्याएवढंच, शेताच्या बांधावर. आपल्या वेशीवरच्या ग्रामदैवताचं ठाणं आठवा, म्हणजे थूती कळेल. सणाच्या दिवसांत म्याओभोवती जी गर्दी आणि दुकानं जमतात तिला ‘म्याओह्वेइ’ म्हणतात. जत्रा. दुसरा शब्द शोधूच नका. तसंच ‘श्युयुआन’ म्हणजे नवस बोलणं, ‘ह्वानयुआन’ म्हणजे नवस फेडणं. तैवानमध्ये आणि फूच्येनकडे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे देवापुढे टाकतात. एक सपाट बाजूने वर आणि एक फुगीर बाजूने वर पडला तर देवाचा होकार. इंग्रजीत हे समजवायला एक वाक्य खर्ची पडतं. कोकणात आणि गोव्यात ‘कौल लावला’ म्हटलं की झालं. म्याओला देऊळच म्हणावं असा माझा आग्रह आहे तो यासाठी. मंदिर या शब्दाला थोडी संस्कृत अदब आहे. नवस, जत्रा, कौल हे देवळाचे सोबती.

म्याओतला आणखी एक शब्द तुमच्या लेखात आलाच पाहिजे: ‘श्यांगह्वो’. श्यांग म्हणजे सुगंध, उदबत्ती. ह्वो म्हणजे अग्नी. देवळाचं श्यांगह्वो जोरात आहे म्हणजे तिथे भक्तांची रीघ आहे. आणि घराण्याचं श्यांगह्वो तुटलं म्हणजे वंश खुंटला, पूर्वजांच्या पाटीपुढे उदबत्ती लावणारं कोणी उरलं नाही. देव आणि पितर यांच्यात चिनी मन रेघ का मारत नाही, ते या शब्दात दिसतं. बाहेरचे लोक या उदबत्तीला ‘जॉस स्टिक’ म्हणतात. तो ‘जॉस’सुद्धा चिनी नव्हे, पोर्तुगीज ‘देउस’चा, म्हणजे देव या शब्दाचा, बंदरातल्या बोलीत झालेला अपभ्रंश.

बोलीभाषेत हे भेद इतके काटेकोर नसतात, हेही सांगायला हवं. ‘भिक्षू पळेल, पण म्याओ कुठे पळेल?’ अशी चिनी म्हण आहे. म्हणजे माणूस निसटला तरी त्याचं ठिकाण सापडतंच. आता भिक्षू तर बौद्ध, त्याची जागा सी, तरीही म्हणीत म्याओ. सर्वसाधारण देवळांना एकत्र म्हणायचं तर ‘सीम्याओ’ असा जोडशब्द आहे. शान्शीतल्या कड्याला टांगलेल्या ‘श्वानखोंग सी’मध्ये बुद्ध, लाओत्सू आणि कन्फ्यूशियस एकाच दालनात बसले आहेत. तिथे नावातला सी पाहून फक्त विहार लिहिलं तर अर्धी गोष्ट हातची जाईल.

गोंग म्हणजे महाल. बीजिंगचं ‘योंगह गोंग’ १६९४ साली राजपुत्राचा वाडा म्हणून बांधलं, पुढे १७४४ मध्ये ते लामांचा मठ झालं, नाव मात्र वाड्याचंच राहिलं. तिथे लामांचा मठ लिहा. मात्सूचीही बरीच देवळं गोंग म्हणवतात, त्यांना देऊळ. कुळाच्या पूर्वजगृहाला ‘छीथांग’ म्हणतात.

एक दुरुस्ती तुम्ही विचारली नाही, तरी सुचवतो. बीजिंगच्या ‘थ्येनथान’ला मराठीत ‘स्वर्गाचं मंदिर’ लिहितात, ते इंग्रजीवरून. थान म्हणजे वेदी, उघड्या आकाशाखालचा चौथरा. १४२० साली हे आवार उभारलं. हिवाळ्यात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, बादशहा तिथल्या गोल चौथऱ्यावर आकाशाला बळी अर्पण करी. चौथऱ्याच्या मधल्या शिळेभोवती पहिल्या वर्तुळात ९ फरश्या, दुसऱ्यात १८, अशा वाढत नवव्यात ८१. नऊ हा यांग आकड्यांतला सर्वांत मोठा, गोल हा आकाशाचा आकार. निळ्या कौलांची जी गोल इमारत छायाचित्रांत असते ती चांगल्या पिकासाठी प्रार्थना करण्याचं दालन. १८८९ साली वीज पडून ती जळाली आणि पुन्हा बांधली. तेव्हा ‘आकाशवेदी’ लिहा. तिथे स्वर्ग नाही, आकाश आहे, आणि पूजा त्या आकाशाचीच होई.

मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर चिनी लोकांचं जुनं ठिकाण आहे, ‘सी यिप कून’. नावातला हा सी विहाराचा नव्हे. कँटनी बोलीत तो ‘चार’ हा आकडा आहे. सी यिप म्हणजे क्वांगतोंगमधले चार परगणे, आणि कून म्हणजे परमुलखात एका गावच्या माणसांनी एकत्र येण्याची वास्तू. कोलकात्यात त्याच चार परगण्यांच्या लोकांचं ‘सी इप चर्च’ आहे. तिथे चिनी देवळांना चर्च म्हणायची रीत पडली. माझगावला पुजला जातो ग्वान गोंग (हे माणसाचं नाव, वर आलेले मठाचा ग्वान आणि महालाचा गोंग नव्हेत), तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला, लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा सेनापती ग्वान यू. त्याच्या वचनाला जागण्याच्या ख्यातीमुळे व्यापारीही त्याला भजतात आणि हाँगकाँगचे पोलीसही. त्याच्या स्थानाला चिनी माणूस म्याओ म्हणेल. तुम्ही माझगावचं चिनी देऊळ लिहा.