नॅनोचा दिवा लागतो पण पोर्ट दिसत नाही, ओरिजिनल बोर्ड घेऊ का?

तुम्ही विचारलंय की स्वस्तातल्या अर्डुइनो नॅनोचा (म्हणजे प्रोग्रॅम घालून चालवायच्या छोट्या बोर्डाच्या क्लोनचा, नकलेचा) लाल दिवा लागतो, लॅपटॉपवर पोर्ट, म्हणजे तो बोर्ड जोडल्याची नोंद, मात्र येत नाही, तर पैसे बुडाले समजून ओरिजिनल घ्यावा का. घेऊ नका. आधी ती केबल बदला.

दिव्याला फक्त पाच व्होल्ट लागतात. डेटाच्या दोन तारा वेगळ्या, आणि पॉवर बँक, ट्रिमर, स्पीकर यांच्याबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत त्या घातलेल्याच नसतात. तपासायला मीटरसुद्धा नको. त्याच केबलने एखादा मोबाइल लॅपटॉपला जोडा. फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल ठीक, नुसताच चार्ज होत बसला तर तिचा नाद सोडा.

एवढ्या तावातावाने लिहितोय कारण हा वाद आमच्या नात्यात अजून मिटलेला नाही. मी ठाण्यात राहतो, रबाळे एमआयडीसीत पॅनेल मेंटेनन्सला आहे. साडूभाऊ ऐरोलीला, आयटीत. त्यांच्या मुलाला विज्ञान प्रदर्शनासाठी टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र करायचं होतं. बोर्ड आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर मीच लॅमिंग्टन रोडवरून आणून दिला. साडूंनी हाताला लागली ती केबल जोडली. दिवा लागला, पोर्ट नाही.

मग सुरू झालं आयटीवाल्यांचं. आयडीई (बोर्डाचा प्रोग्रॅम लिहून त्यात पाठवायचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला, ड्रायव्हरच्या निरनिराळ्या आवृत्त्या टाकल्या, शेवटी घरच्या लॅपटॉपचं विंडोजच नव्याने टाकलं. मी फोनवर म्हणतोय, "साडूभाऊ, केबल बदलून बघा." तर म्हणे, "अहो, दिवा लागतोय ना, मग केबल नीटच आहे." दिवसभर कंट्रोल पॅनेलच्या वायरी तपासणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं! पुढे एका बारशाला सगळ्यांदेखत निकाल जाहीर झाला : "चायनीज माल, दुसरं काय होणार." आमच्या हिनेही मान डोलावली.

त्यांनी ओरिजिनल उनो, म्हणजे अर्डुइनोचाच जरा मोठा बोर्ड, मागवला आणि तो जोडल्याजोडल्या चालला. आता गंमत बघा. उनो आर३ ला प्रिंटरसारखं चौकोनी सॉकेट असतं, म्हणजे जुनी केबल त्यात बसणारच नव्हती. साडूंनी प्रिंटरची काढून लावली, आणि प्रिंटरच्या केबलमध्ये डेटाच्या तारा असाव्याच लागतात. बोर्ड आणि केबल एकदम बदलली, श्रेय मात्र एकट्या बोर्डाला दिलं!

पुढच्या रविवारी मी माझी केबल घेऊन ऐरोलीला गेलो. नॅनोचं पोर्ट लगेच आलं. बोर्डात प्रोग्रॅम पाठवताना 'नॉट इन सिंक' अशी चूक आली तेव्हा साडू गालातल्या गालात हसले. टूल्समध्ये प्रोसेसरखाली 'ओल्ड बूटलोडर' निवडलं, प्रोग्रॅम गेला. (बूटलोडर म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणारा, बोर्डात आधीच घातलेला छोटा प्रोग्रॅम. जुना ५७,६०० बॉडच्या वेगाने बोलतो, नवा १,१५,२०० च्या. अर्डुइनोने स्वतःच्या नॅनोत नवा घातला तो जानेवारी २०१८ पासून, क्लोनवाले बरेचदा जुनाच घालतात. तुम्हालाही हे लागेल.) मग चहा येईपर्यंत त्यांची ती केबल कात्रीने कापली. आत लाल आणि काळी, दोनच तारा. डेटाची हिरवी-पांढरी नव्हतीच.

साडू म्हणाले, "असेल, पण ओरिजिनल ते ओरिजिनल." ही म्हणाली, "कापलीत कशाला, चार्जिंगला चालली असती."

ओरिजिनल म्हणजे काय, तर दोन्हींवर मुख्य चिप एटीमेगा३२८पी, तोच १६ मेगाहर्ट्झचा वेग, तीच ३२ केबी फ्लॅश मेमरी. फरक मुख्यतः यूएसबीच्या चिपचा : उनोवर १६यू२, क्लोनवर बहुधा सीएच३४०. डिझाइन अर्डुइनोनेच खुलं ठेवलंय, त्यामुळे क्लोन विकणं ही चोरी नाही. त्यांचं नाव आणि लोगो छापून विकणं ही फसवणूक.

केबल बदलूनही पोर्ट आलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह बघा आणि सीएच३४० चा ड्रायव्हर टाका. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ असेल तर त्यातलं बीआरएलटीटीवाय हे सॉफ्टवेअर काढून टाका. ते ब्रेल डिस्प्लेसाठी आहे, पण सीएच३४० ला आपलंच यंत्र समजून पोर्ट बळकावतं. टाइप-सीचा बोर्ड सी-टू-सी केबलवर मुळीच उजळत नसेल तर बनवणाऱ्याने ५.१ के चे दोन रेझिस्टर वाचवलेत. त्याला ए-टू-सी केबल (लॅपटॉपकडे नेहमीचं चपटं यूएसबी टोक असलेली) लावा.

हां, काही स्वस्त बोर्ड खरंच भिकार असतात. टॉर्च मारून चिपवरचं नाव वाचा. तिथे एटीमेगाऐवजी एलजीटी८एफ३२८पी ही वेगळी चिप असेल तर बोर्ड चालेल, पण आयडीईत त्याचं वेगळं पॅकेज टाकावं लागेल. जोडल्याजोडल्या चिप चटका देत असेल तर काढा आणि परत पाठवा. शिवाय ज्यांचं सॉफ्टवेअर आपण फुकट वापरतो त्यांच्याकडून एखादा बोर्ड घ्यावा, हा मुद्दा मला मान्य आहे. पण साडूंनी तो कधी मांडलाच नाही.

आणि तरीही उनो घेतलातच, तर नॅनोलाही त्याच दिवशी नवी केबल लावा आणि काय झालं ते इथे लिहा. मला स्क्रीनशॉट ऐरोलीला पाठवायचाय.