अल्बियन ऑनलाइनमध्ये दिवसभर लाकूड तोडूनही सिल्व्हर का साठत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही फोनवर अल्बियन हा ऑनलाइन गेम खेळता, त्यातल्या लिमहर्स्ट शहराच्या आसपास टियर ४ चं (चौथ्या दर्जाचं) लाकूड तोडता, बॅग भरली की शहरात येऊन लगेच विकता. प्रीमियम, म्हणजे गेमचं महिन्याचं सशुल्क सदस्यत्व, नाही. इतकं करूनही पुढची कुऱ्हाड घेण्यापुरतं सिल्व्हर (गेममधलं चलन) जमत नाही. मग रेड झोनमध्ये, म्हणजे मेलं की सामान जातं अशा भागात, जावं, की आधी प्रीमियम घ्यावं?

तोडणी तुम्ही ठीकच करताय. पैसा जातोय तो माल तोडल्यानंतर, विक्रीत. त्यामुळे रेड झोन आणि प्रीमियमचं नंतर बघू, आधी विक्रीचं बोलू.

मी इंदूरचा, रामबागेत राहतो. मार्च २०२३ मध्ये आशिया सर्व्हर सुरू झाला तेव्हापासून तिथेच आहे आणि खेळाचा बहुतेक वेळ माल गोळा करण्यातच घालवतो. लढाया मलाही आवडतात, पण या गेमची खरी गंमत मला त्याच्या बाजारात वाटते. खेळाडूंच्या अंगावरचं सामान जवळजवळ सगळं दुसऱ्या कुठल्या तरी खेळाडूने बनवलेलं असतं, आणि त्यासाठीचं लाकूड, धातू, कातडं तुमच्या-माझ्यासारख्याने गोळा केलेलं असतं. रेड आणि ब्लॅक झोनमध्ये कोणी मेला की त्याच्या सामानातला काही भाग कायमचा नष्ट होतो आणि उरलेला मारणारा घेऊन जातो. म्हणजे रोज सामान संपतं आणि रोज नवं लागतं. गिऱ्हाईक नाही अशी वेळ इथे सहसा येत नाही. गिऱ्हाईक कुठे उभं आहे, एवढं कळलं पाहिजे.

लिमहर्स्टच्या भोवती जंगल आहे, म्हणून तुमच्यासारखे शेकडो जण तिथेच लाकूड तोडतात आणि तिथेच ओततात. अल्बियनमध्ये प्रत्येक शहराचं मार्केट वेगळं असतं. एका शहरातला माल दुसऱ्या शहराच्या यादीत दिसत नाही, कोणीतरी तो स्वतः वाहून न्यावा लागतो. माझे मामा आमच्या चोइथराम मंडीत लसणाची आडत करतात. हंगामात सगळ्या गावांच्या ट्रॉल्या एकाच आठवड्यात मंडीत लागल्या की भाव बसतो, आणि ज्या शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे हवे असतात त्याला मिळेल तो भाव घेऊन परत जावं लागतं. लिमहर्स्टमध्ये लाकडाचं अगदी तेच होतं, आणि तुम्ही रोज त्या घाईतल्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहता.

लाकडाच्या फळ्या करायचा बोनस लिमहर्स्टला नाही, तो फोर्ट स्टर्लिंगला आहे. गेम बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय, आणि माझ्या मते अख्ख्या गेममधली ही सगळ्यात हुशारीची मांडणी आहे. ज्या शहराभोवती जो माल मुबलक, त्या शहरात तो रिफाइन करायचा, म्हणजे कच्च्याचा पक्का माल करायचा, बोनस नाही. जंगलातल्या लिमहर्स्टला कापडाचा बोनस, डोंगरातल्या फोर्ट स्टर्लिंगला फळ्यांचा, दलदलीतल्या थेटफर्डला धातूचा, गवताळ ब्रिजवॉचला दगडाचा आणि पठारावरच्या मार्टलॉकला चामड्याचा. नकाशा उघडून बघा, लाकूड, धातू, दगड आणि चामडं यांना फक्त शेजारच्या शहरापर्यंत जायचं असतं. दलदलीतल्या फायबरला (ज्याचं कापड होतं) मात्र थेटफर्डहून लिमहर्स्टला जाताना मध्ये फोर्ट स्टर्लिंग ओलांडावं लागतं.

या बोनसचा आकडा लहान नाही. साध्या शहरात रिफाइन करताना सुमारे १५.२ टक्के कच्चा माल परत मिळतो. बोनसच्या शहरात तोच ३६.७ टक्के होतो. म्हणून फळ्या करणारे फोर्ट स्टर्लिंगमध्ये बसतात आणि तिथे लाकडाला सहसा लिमहर्स्टपेक्षा बरा भाव मिळतो. ही पाच शहरं गोलात आहेत आणि शेजारच्या शहरात फक्त निळ्या-पिवळ्या झोनमधून जाता येतं. ब्लू झोनमध्ये कोणी तुम्हाला लुटू शकत नाही. यलोमध्ये लढाईत पाडलं जाऊ शकतं, पण सामान जात नाही. एक बैल घ्या. तो हळू चालतो, पण माल खूप वाहतो. रोज थोडं थोडं विकण्याऐवजी लिमहर्स्टच्या बँकेत साठवा आणि चांगली भरती झाली की एकदाच फोर्ट स्टर्लिंगला न्या. निघायच्या आधी तिथला भाव एकदा बघून या, किंवा गिल्डमधल्या (तुमच्या खेळाडूंच्या गटातल्या) कोणाला विचारा. काही दिवस फरक एवढा कमी असतो की फेरीचा वेळ वाया जातो.

आता विकायची पद्धत. 'लगेच विका' दाबलं की समोरच्याने लावलेल्या बाय ऑर्डरच्या (खरेदीच्या मागणीच्या) भावाला माल जातो. नुसतं उदाहरण म्हणून धरा, बाय ऑर्डर १०० ची आहे आणि सगळ्यात स्वस्त सेल ऑर्डर (विकणाऱ्याने लावलेला भाव) १२० ची. तुमच्याकडे प्रीमियम नाही, म्हणून विक्रीवर ८ टक्के कर. लगेच विकलंत तर हातात ९२ येतात. त्याऐवजी १२० ला स्वतःची सेल ऑर्डर लावलीत तर ८ टक्के कर आणि वर ऑर्डर लावायची २.५ टक्के फी, म्हणजे १२.६० गेले आणि १०७.४० आले. माल तोच, मेहनत तीच, आणि एका लाकडामागे १५ च्या वर फरक. बॅगभर मालाचा हिशेब तुम्हीच मांडा.

मात्र ऑर्डर लावून विसरून जायला शिका. दुसऱ्याने एका सिल्व्हरने खाली लावलं म्हणून दर तासाला ऑर्डर काढून पुन्हा लावलीत तर प्रत्येक वेळी फी नव्याने जाते. आमच्या गल्लीतला एक मुलगा हेच करायचा. मला दादा म्हणतो, म्हणून एक दिवस त्याला शेजारी बसवून त्याचा हिशेब कागदावर मांडला. त्याच्या नफ्याचा मोठा हिस्सा फीमध्येच जात होता. आता तो रात्री झोपताना ऑर्डर लावतो आणि सकाळी कॉलेजला जायच्या आधी बघतो. त्याचं भागतं.

टियर ४ सोडून वर जायची घाई करू नका. रिफाइन करायची साखळी खालून वर जाते. टियर ४ च्या एका फळीला टियर ४ ची दोन लाकडं आणि टियर ३ ची एक फळी लागते. टियर ५ च्या फळीला तीन लाकडं आणि टियर ४ ची फळी, टियर ६ ला चार लाकडं आणि टियर ५ ची फळी. वर आठपर्यंत प्रत्येक फळीला खालच्या टियरची एक फळी लागतेच. म्हणजे ब्लॅक झोनमधल्या मोठ्या गिल्डच्या टियर ८ च्या धनुष्यातही कुठेतरी टियर ४ चं लाकूड आहे, आणि ते लाकूड मोठे खेळाडू स्वतः तोडत बसत नाहीत, विकत घेतात. टियर ४ पासून पुढे झाडांमध्ये मधूनच चमकणारी झाडंही भेटतात, हिरवी, निळी, जांभळी. अशी दिसली की हातातलं साधं झाड सोडून आधी तिकडे पळा. त्या लाकडाचा ढीग वेगळा ठेवा. ते साध्या मालासोबत घाईत विकून टाकणं म्हणजे निव्वळ नुकसान. लाकूडतोड्यांचा वेगळा पोशाख मिळतो तोही चढवा, त्याने त्याच झाडातून जास्त माल निघतो.

रेड झोनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जा, पण आत्ता नको. तिथून आणलेल्या लाकडाला जास्त भाव मिळतो तो वाटेतल्या धोक्याचा मोबदला असतो. वरच्या टियरचा माल महाग राहतो कारण तो सुरक्षित भागात मिळत नाही आणि आणताना बऱ्याच जणांचा वाटेत लुटला जातो. ज्याला वाट पार करता येते त्यालाच तो भाव मिळतो. तेव्हा पहिल्या फेऱ्यांना बैल घेऊन जाऊ नका, वेगाने पळणारं वाहन न्या, अंगावर स्वस्त पोशाख ठेवा, आणि बॅग भरायची वाट न बघता थोडा माल झाला की परत फिरा. नकाशाच्या कडेला, निघायच्या वाटेजवळ तोडा. अनोळखी नाव स्क्रीनवर दिसलं की झाड अर्धवट सोडून निघा. झाड पुन्हा भरतं, बॅग भरत नाही. फोनवर खेळणाऱ्याने तर जास्तच जपावं, कारण छोट्या स्क्रीनवर मागून येणारा माणूस उशिरा दिसतो. कार्लिऑन हे शहर या सगळ्याच्या मधोमध आहे आणि तिथे माल घेऊन जायला रेड झोन लागतोच. तिथल्या भावांचे व्हिडिओ बघून पहिल्याच महिन्यात बैल भरून तिकडे निघू नका.

राहिलं प्रीमियम. २०१९ पासून हा गेम फुकट खेळता येतो, त्यामुळे प्रीमियमशिवाय अडत काहीच नाही. घेतलंत तर विक्रीवरचा कर ८ वरून ४ टक्के होतो, तोडताना माल जास्त मिळतो, आणि रोज १०,००० फोकस (माल बनवताना खर्च करायचे गुण) जमा होतो. फोकस वापरून बोनसच्या शहरात रिफाइन केलं तर परत मिळणारा माल ५३.९ टक्क्यांपर्यंत जातो. त्या वेळी कच्चं लाकूड विकण्याऐवजी स्वतः फळ्या करून विकणं परवडू लागतं. पण खिशातले रुपये लगेच घालू नका. गेममधलं गोल्ड (दुसरं चलन) सिल्व्हरने विकत घेता येतं आणि त्या गोल्डने प्रीमियम. वर सांगितल्याप्रमाणे विक्री सुधारली की काही आठवड्यांत किती शिल्लक पडते ते बघा. शिल्लक एका महिन्याच्या प्रीमियमला पुरत असेल तर घ्या. पुरत नसेल तर प्रीमियमचा महिना सुरू असताना तुम्ही रोज किती खेळणार आहात हे आधी स्वतःशी ठरवा. परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या महिन्यात घेतलेलं प्रीमियम नुसतं पडून राहतं. फोकसही ३०,००० च्या वर साठत नाही.

आणि बाहेरच्या कोणाकडून रुपये देऊन सिल्व्हर घेऊ नका, कितीही स्वस्त सांगितलं तरी. नियमांनुसार त्यावर अकाउंट बंद होतं आणि मग बँकेत ठेवलेलं लाकूडही गेलं.

फोर्ट स्टर्लिंगची पहिली फेरी झाली की दोन्ही शहरांतले भाव आणि तुमच्या हातात आलेला आकडा इथे लिहा. हिशेब पुढे कुठे सुधारता येतो ते मिळून बघू.