कुडा कोणता?

प्रश्न असा: पाटण तालुक्यातल्या एकाच वाडीत ‘कुडा’ विचारला, तर दोन जाणत्या माणसांनी दोन वेगळी झाडं दाखवली. चुकलं कोण?

कुणीच नाही. ‘कुडा’ हे नाव दोन्ही झाडांचं आहे, एक पांढरा कुडा, दुसरा काळा; आणि कोणता ते माणसाच्या कामावरून ठरतं. काठी-लाकूड तोडणाऱ्याला नुसता ‘कुडा’ पुरतो. जुलाबावर साल देणाऱ्या घरात मात्र पांढरा आणि काळा हा भेद पोरांनाही ठाऊक असतो, कारण औषधाला पांढऱ्याची कडू साल लागते. काळ्याची घेतली तर तसा गुण येत नाही, असं मानतात. बाजारात ही भेसळ नेहमीची. बियांतही तोच फरक: पांढऱ्याचे ‘कडू इंद्रजव’, काळ्याचे ‘गोडे इंद्रजव’. फुलांची भाजी करणाऱ्या बायका कुडा ओळखतात तो उन्हाळ्याच्या शेवटी, फुलोऱ्यावरून. शिवाय लग्न होऊन आलेली सून माहेरचं नाव सोबत आणते, म्हणून कधी एकाच चुलीपाशी दोन नावं चालतात.

दुधावरून ओळखायला जाऊ नका. पान तोडलं की दोन्हींच्या देठातून पांढरा चीक येतो. शेंगा बघा. दोन्हींच्या लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या. पण काळ्याच्या जोडीची टोकं खाली एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याची सुटी. शेंगा नसतील तर फूल: काळ्याच्या मध्यभागी झालरीसारखे तंतू दिसतात, पांढऱ्याचं फूल साधं, पाच पाकळ्यांचं. काळ्याची पानं वाळली की काळी पडतात.

शब्द संस्कृत ‘कुटज’वरून आला, कुटजारिष्ट या आयुर्वेदिक औषधातला कुटज तो पांढराच. आणि ‘कुडाचं घर’ याच्याशी या झाडाचा संबंध जोडू नये, ही गफलत फार होते. तो शब्द ‘कूड’, म्हणजे कारवीसारख्या काठ्यांवर माती लिंपून केलेली भिंत. कूड–कुडाची भिंत, कुडा–कुड्याची साल: सामान्यरूपातच दोन्ही वेगळे पडतात.

गावात विचारताना शेंगांसकट डहाळी हातात घ्या आणि म्हातारी, गुराखी, लाकूडतोड्या यांना वेगवेगळं गाठून विचारा. चारचौघांत विचारलं तर पहिला बोलेल तेच सगळे म्हणतात. ‘ह्याला काय म्हणता?’ याच्या जोडीला ‘ह्याचं काय करता?’ हेही विचारा. बऱ्याचदा समोरूनच ‘कशाला पायजे?’ असं येतं. त्याचं खरं उत्तर दिलंत की नेमका कुडा दाखवतात.